लालतुऱ्याच्या काउंटरवरची राणी

…तर भाऊसो काउंटरपुढं तोंडावर उपरणं धरून उभा, आणि राणी त्याला विचारतेय, "तात्या, कवळी बसली का नीट? मागल्या खेपंला खिशात घालून आला हुता."

काल इथवर आलो आणि चहा आला, म्हणून गोष्ट राहिली. आता तिथूनच उचलतो.

भाऊसो म्हणजे माझ्या बांधाला बांध असलेला शेतकरी, सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेला. तो त्या दुकानात आयुष्यात एकदाच गेला होता, तेही चार महिन्यांपूर्वी, नातीच्या वाढदिवसाला. त्या दिवशी तिथं शंभर-दीडशे माणूस असेल. आणि ही बाई त्याला नुसती ओळखत नाही, तर त्यानं काय खाल्लं तेही तोंडपाठ सांगते. "वरचा पाव काढायचा, कांदा न्हाई, चटणी बाजूला. तसंच देऊ, का आता दात आल्यात तर कांदा घालू?"

भाऊसो माझ्याकडं वळला. "गड्या, माझ्या सुनंला सा वर्सं झाली घरात येऊन. तिला अजून म्हाईत न्हाई मी कांदा खातो का न्हाई."

"आवं तात्या, सुनंनं इचारलं की तुमी वरडता, आनि मी इचारलं की हासता. मग ती बिचारी कशाला इचारंल?" राणी म्हणाली.

मागं लायनीत उभी असलेली माणसं हसली. भाऊसोही हसला, आणि नवी कवळी पडता पडता राहिली.

दुकान म्हणजे कुठलं ते सांगतो. मलकापूरला हायवेच्या कडेला तळलेल्या कोंबडीचं काचेचं दुकान आहे. लालतुरा त्याचं नाव. पुण्यापासून खाली कोल्हापूरपर्यंत अशी चौदा दुकानं आहेत म्हणतात, सगळी एका छापाची. दाराशी माणसाएवढा प्लास्टरचा कोंबडा, आत कामाला असणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यावर टोपी, आणि टोपीवर तांबड्या कापडाचा तुरा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, ही कुणाच्या तरी वरातीतली माणसं इथं जेवायला थांबली आहेत. आमच्या बनुबाई, म्हणजे माझी मंडळी, एकदाच आल्या. त्या तुऱ्यांकडं बघत म्हणाल्या, "कोंबडी खायाला बलवायचं आनि कोंबड्यानंच वाढायचं, ह्यो कसला न्याय?" परत काही आल्या नाहीत.

त्या दुकानात एक इंग्रजी वाक्य आहे. गिऱ्हाईक आलं की काउंटरवरच्या माणसानं हसून म्हणायचं, 'वेलकम टु लालतुरा, हॅपी क्रंचिंग!' हा कंपनीचा नियम. राणीच्या तोंडून ते मी एकदाही ऐकलं नाही. ती म्हणते, "या, बसा. उनाचं आलाय, आदी पानी प्या." सांगलीची क्रांती नावाची पोरगी तिथं मॅनेजर आहे, चुणचुणीत आणि शिकलेली. तिनं पहिल्यांदा दोन-चार वेळा टोकलं. पुढं तिनंही सोडून दिलं, कारण माणसं राणीच्याच लायनीत उभी राहायची. शेजारचं काउंटर मोकळं असलं तरी हलायची नाहीत.

आता ही राणी कोण? तर गुंडाची लेक.

गुंडा आटपाडीकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली आमच्या नदीच्या मुलखात उतरायचा. ऊस तुटलेल्या रानात त्याची मेंढरं बसवायची म्हणजे काय, तर रात्रभर त्यांना त्या रानात ठेवायचं. त्यांच्या लेंड्या आणि मूत मातीत मुरलं की पुढचं पीक नुसतं हिरवंगार. त्याबदली आपण त्याला धान्य द्यायचं, चार दिवस भाकरी द्यायची. माझ्या रानात तीस वर्षं मेंढरं बसली ती गुंडाचीच. त्याच्या घोड्यावर बिऱ्हाड बांधलेलं असायचं आणि बिऱ्हाडाच्या वर एक कोंबडी आणि ही राणी. तेव्हा तीन वर्षांची असेल, बापाला 'दादा' म्हणून हाका मारायची.

ती नऊ वर्षांची असताना मी तिची परीक्षा घेतली होती. गुंडाची दीडशे मेंढरं रानात बसली होती. पलीकडच्या मळ्यात दुसऱ्या कुणाचा कळप होता. त्यातली दोन मेंढरं आणून मी गुपचूप हिच्या कळपात सोडली आणि आलो विचारायला, "पोरी, मेंढरं बराबर हायती का? मोज बरं."

तिनं मोजली नाहीत. नुसती कळपावरनं नजर फिरवली, जसं आपण पंगतीवरनं फिरवतो, आणि म्हणाली, "आबा, ही दोन आमची न्हवं. आनि त्यातली एक तुमी उलटी धरून आनलीसा, तिचा पाय दुखतोय."

मी कबूल झालो. दुसरं काय करणार? मेंढरं कशी ओळखतेस म्हणून विचारलं, तर ती माझ्याकडं खुळ्यासारखी बघायला लागली. "तोंडं न्हाईत व्हय त्यांना?" म्हणाली.

हे 'तोंडं न्हाईत व्हय' लक्षात असू द्या. पुढं कामाला येणार आहे.

राणीचं लग्न मलकापूरच्या धनाजीशी झालं. धनाजी शिरवळला कारखान्यात आहे, आठवड्यानं घरी येतो. राणी लालतुऱ्यात लागली ती ताटं धुवायला. मागच्या अंगाला, मोरीपाशी. दीड वर्ष ती तिथंच होती. मग एका लग्नसराईत दुपारी दोन वाजता दुकानातला कॉम्प्युटर बसला. त्याच वेळी सांगलीकडची वऱ्हाडाची बस येऊन थांबलेली. पन्नासभर माणसं, ज्यानं त्यानं काय मागितलं ते सगळं त्या डब्यात, आणि डबा मेलेला. नंबर नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. क्रांती रडकुंडीला आली. राणी हात पुसत मागनं पुढं आली आणि म्हणाली, "ताई, मी भांडी घ्यायला भाईर आलते तवा समदी बोलताना ऐकलीया. सांगू का?"

आणि एकेकाला वाढायला लागली. हिरव्या फेट्याला दोन तंगड्या. नवरीच्या मावशीला बिनकोंबडीचा पाव, त्यांचा उपास सुटायचाय. त्या जाड्या पावण्याला बटाटा दुप्पट. पन्नासात एक चूक झाली नाही. एका म्हाताऱ्यानं मुद्दाम म्हटलं, "मी ह्ये न्हवतं सांगितलं." राणी म्हणाली, "तुमी ह्येच सांगितलं. मग त्या कडच्या काकांचं बघून तुमचं मन फिरलं." म्हातारा गप खायला लागला. दुसऱ्या दिवसापासून राणी काउंटरला.

तिला काउंटर फार आवडायचं. मला एकदा म्हणाली होती, "आबा, मोरीवर ताटंच दिसायची. हितं तोंडं दिसत्यात."

असं सगळं छान चाललेलं. आणि मग गेल्या माघात मालक बोलला.

मालक म्हणजे जयराज साहेब, पुण्याचे. चौदाही दुकानं त्यांची. त्यांनी कुठल्याशा मुलाखतीत तोंड उघडलं आणि ती मुलाखत फोनवर गावोगाव फिरली. आमच्या दूध डेअरीवर सकाळी कॅन खाली ठेवायच्या आधी भाऊसोनं फोन माझ्या कानाला लावला. साहेब म्हणत होते, "खेड्यातल्या मुलींना आम्ही घेतो, पण त्यांना गिऱ्हाईक कळत नाही. मेंढरांमागं फिरलेल्या माणसाला माणसांपुढं उभं करायचं, ही आमची चूक झाली. काउंटरला चेहरा लागतो, भाषा लागते. असल्यांनी मागं भांडी धुवावीत. एक तारखेपासून आम्ही सगळ्या काउंटरना शहरातली तयार मुलं बसवतोय."

भाऊसोनं फोन खिशात घातला.  मग तो म्हणाला, "ह्यो राणीला बोललाय."

"नाव न्हाई घेतलं," मी म्हणालो.

"मेंढरामागं फिरलेली दुसरी कोन हाय रं तिथं? तू का मी?"

त्याच संध्याकाळी देवळापुढं बैठक. लालतुऱ्यात गावातलं कुणी पाय ठेवायचा नाही. जो ठेवील त्यानं पाच दिवस देवळाची झाडलोट करायची. ठराव भाऊसोनं मांडला, मी हात वर केला. आजूबाजूच्या चार गावांनीही तसंच केलं. चार दिवसांत लालतुऱ्याच्या दारात प्लास्टरचा कोंबडा एकटा उभा राहायला लागला.

पहिले दोन दिवस मला फार अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी कोंबडीची आठवण आली. चौथ्या दिवशी मनात आलं, की आपण नेमकं कुणाला उपाशी ठेवतोय? मालक पुण्यात. इथं काउंटरवर कोण उभं आहे? राणी. गिऱ्हाईक नसेल तर राणी काय करत असेल? हा विचार डोक्यातून जाईना. शेवटी पाचव्या दिवशी दुपारी मी टोपी काढली, नातवाची उन्हाची टोपी घातली, काळा चष्मा लावला आणि एसटीनं मलकापूर गाठलं. मागच्या बाजूनं आत शिरलो.

"या आबा, बसा," राणी म्हणाली. मी अजून दारात होतो.

"वळखलंस व्हय?"

"चष्म्यानं तोंड झाकतंय व्हय? आनि चाल तुमचीच हाय. कोपऱ्यात जागा हाय बगा, तिथं तुमचं दोस्त बसल्यात."

कोपऱ्यात भर दुपारी, बाहेर ऊन रणरणतंय, आणि एक माणूस लोकरीची कानटोपी घालून तंगडी चावतोय. नुसते डोळे आणि कवळी दिसतेय. ठराव मांडणारा भाऊसो!

"तू?" मी म्हणालो.

"तू?" तो म्हणाला.

"किती दिवस येतोयस?"

"आजच आलोय," भाऊसो म्हणाला.

"तात्या," काउंटरवरनं राणीचा आवाज, "परवाच्या सारकी चटणी आनू का?"

 मी त्याच्यासमोरची खुर्ची ओढली. आम्ही दोघं एकाच ताटात खाल्लं. मग राणी हात पुसत येऊन आमच्यासमोर बसली. दुकान मोकळंच होतं. क्रांतीही आली आणि कागद पुढं केला. एक तारखेपासून राणीनं मागं, ताटं धुवायला जायचं. गुरुवारी साहेब स्वतः दुकान बघायला येणार. आणि धंदा असाच राहिला तर हे दुकानच उचलायचं, असंही फोनवर सांगितलेलं.

"म्हंजे बंदी पाळली तर तुजी नोकरी जाती, आनि मोडली तर त्याच्या बोलन्याला आमीच मान दिला असं हुतं," भाऊसो म्हणाला. कानटोपी काढून त्यानं डोकं खाजवलं. "माझ्यानं ह्यो गुंता झालाय. पोरी, तूच सांग. सोडून दे ही नोकरी. आमी बगतो दुसरीकडं."

"का सोडू?" राणी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, पण टेबलावरचा एक मिठाचा कण बोटानं दाबून धरला होता. "तात्या, ह्यो मालक इथं कवा बसला? ह्या काउंटरवर मी दोन वर्सं उभी हाय. माझ्या दादांची मेंढरं रस्त्यात गेली तरी मानसं शिव्या देत्यात, आमी काय मेंढरं सोडून दिली? मला मोरीवर जायाचं न्हाई. तेवढंच हाय माझं. मालकानं काय बी बोलू दे, मला ही तोंडं सोडायची न्हाईत."

आम्ही परत आलो ते एसटीत न बोलता. आणि भाऊसो गप्प बसला की मला भीती वाटते. तो शाळेतही गप्प बसला की दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खुर्चीखाली काहीतरी निघायचं.

गुरुवारी सकाळी त्याचा फोन. "गड्या, मलकापूरला ये. साहेबाला दाखवतो मेंढरामागची मानसं काय असत्यात."

"काय केलंस?"

"फुकट खत देतोय त्याला. त्याच्या हिरवळीवर मेंढरं बसवतोय."

लालतुऱ्यापुढं गाड्या लावायची मोठी जागा आहे आणि तिच्या कडेनं हिरवळ. भाऊसोनं गुंडाला निरोप धाडलेला, मेंढरं घेऊन ये म्हणून. गुंडाचा तळ तेव्हा चार मैलांवरच होता. गुंडा म्हातारा झालाय, गेल्याच आठवड्यात मोतीबिंदू काढलेला, डोळ्याला हिरवी झापड. म्हणून भाऊसोनं गुंडाच्या मेव्हण्यालाही निरोप दिला, तुमीही या. म्हणजे कसं, की गुंडाला नाही जमलं तर मेव्हणा येईल. पण दोघंही आले. दोन बाजूंनी दोन कळप, मिळून पावणेतीनशे मेंढरं, एकाच वेळी त्या जागेत उतरली आणि दुधात दूध मिसळावं तशी एकजीव झाली.

एरवी काही बिघडलं नसतं. मेंढरांच्या पाठीवर ज्याच्या त्याच्या रंगाचा पट्टा असतो. गुंडाचा हिरवा, मेव्हण्याचा तांबडा. पण आदल्या दोन दिवसांत कातरणी झालेली. लोकर उतरली, तिच्याबरोबर पट्टेही उतरले आणि नवा रंग लावायचा शुक्रवारी ठरलेला. भाऊसोला एवढी घाई, की त्यानं शुक्रवारची वाट बघितली नाही. पावणेतीनशे मेंढरं, नुकती हजामत केल्यासारखी, सगळी सारखी.

"ही माझी!" गुंडा एक कान धरून.

"दाजी, झापड लावून माझी मेंढी वढताय व्हय? सोडा तिला!" मेव्हणा दुसरा कान धरून.

एका मेंढ्याला काचेत आपलंच तोंड दिसलं, तो काचेला टक्कर द्यायला लागला. दुसऱ्यानं प्लास्टरचा कोंबडा पाडला. दुकानात त्या दिवशी साताऱ्याकडची एक बस थांबलेली, साठेक माणसं. ती सगळी काचेला नाक लावून बघतायत. ह्या सगळ्यात पांढरी लांबलचक गाडी आत आली, मधोमध अडकली आणि हॉर्न वाजवायला लागली. हॉर्न ऐकून मेंढरं अजून बिथरली, हायवेच्या अंगाला सरकायला लागली. आता मात्र भाऊसोचा चेहरा उतरला. तो मला म्हणाला, "गड्या, एखादं गाडीखाली गेलं तर मी गुंडाला तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात दार उघडलं आणि राणी बाहेर आली. डोक्यावर तांबडा तुरा, हातात कागदी ग्लास. तिनं आधी गाडीच्या काचेवर टकटक केलं. "हॉर्न बंद करा. गाबन मेंढरं हायती ह्यात."

"मी कोण आहे माहीत आहे का?" आतनं साहेब.

"ते मागनं बगू. आदी हॉर्न बंद करा."

हॉर्न बंद झाला.

मग तिनं तोंडानं एक आवाज काढला. तो मला लिहिता येणार नाही, जिभेच्या मुळातनं येतो तो. पावणेतीनशे माना वळल्या. हायवेकडं सरकलेली मागं फिरली. दोन मोठ्या फुलझाडांच्या कुंड्यांमध्ये माणूसभर जागा होती, तिच्या तोंडाशी राणी पाय रोवून उभी राहिली आणि एकेक मेंढरू तिच्या पुढनं जायला लागलं. प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून ती म्हणायची, "मामाची. आपली. आपली. मामाची. ही मामाची, पर कोकरू आपल्यात गेलंय, ते आना." तिच्या सुट्टीचा एकेक दिवस ती वडलांच्या तळावर जायची, ते असं उपयोगी पडलं. गुंडा आणि मेव्हणा एवढे भांडत होते, पण राणी 'आपली' म्हणाली की मेव्हणा हूं की चूं करत नव्हता. बसमधली माणसं बाहेर येऊन कोकरं धरायला लागली. एका मास्तरणीनं दोन उचलून घेतली.

साहेब गाडीतनं उतरून सावलीला उभे होते. धुळीनं त्यांना ठसका लागलेला. कुणाला काय विचारावं ते त्यांना कळत नव्हतं.

पाऊण तासात दोन कळप वेगळे झाले. सगळ्यांनी हुश्श केलं. राणी म्हणाली, "कानफाटी न्हाई."

"समदी हायती की," मेव्हणा म्हणाला.

"कानफाटी न्हाई. दादांची. डाव्या कानाला चीर असलेली."

साहेब पहिल्यांदा बोलले. "एवढ्यातनं एक नाही, हे मोजल्याशिवाय कसं कळलं?"

राणीनं लहानपणी माझ्याकडं बघितलं होतं तसंच त्यांच्याकडं बघितलं, आणि मागच्या अंगाला शोधायला गेली. कानफाटी दुकानाच्या मागच्या दारात सापडली. तिथं कोबीच्या पाल्याचं खोकं उघडं होतं आणि ती त्यात खांद्यापर्यंत घुसलेली.

मग राणीनं कोपरापर्यंत तीनदा साबणानं हात धुतले, नवा ॲप्रन बांधला, तुरा सारखा केला आणि काउंटरला गेली. साठ माणसं ताटकळलेली. बाहेर यायच्या आधी ज्यांनी सांगितलं होतं त्यांचं तिच्या ध्यानात होतं, सांगितलं नव्हतं त्यांना विचारलं. "मास्तरीनबाई, तुमी बिगरतिखटाचं म्हनला हुता. कोकरू खाली ठिवा आता, त्याची आई वरडतीय." माणसं हसतायत, खातायत, पुढं सरकतायत. साहेब कोपऱ्यात उभे राहून बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होतो. भाऊसो कोंबड्याचे तुकडे गोळा करत होता, पण त्याचे कान इकडंच.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे जिवाला घोर नको. राणी आजही त्याच काउंटरला आहे. मागच्या शनिवारीच आम्ही दोघं तिथं खाऊन आलो, उघड्या तोंडानं. साहेबांनी पंधरा दिवसांनी दुसरा व्हिडिओ काढला. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून का होईना, पण 'माझं चुकलं' असं स्वतः म्हणाले. मग गावानं बंदी उठवली. भाऊसोनं देवळाची झाडलोट मात्र पाच दिवस केली, कारण कानटोपीचं बनुबाईंना मी सांगितलं आणि बनुबाईंनी गावाला सांगितलं. मलाही करावी लागली. आणि लालतुऱ्यापुढची हिरवळ त्या पावसाळ्यात एवढी माजली, की कंपनीला ती कापायला माणूस धाडावा लागला.

पण हे नंतरचं. त्या दुपारी ह्यातलं काही ठरलेलं नव्हतं. एक तारीख चार दिवसांवर होती आणि तो कागद क्रांतीच्या खणात तसाच होता. साहेब लायनीच्या कडेनं पुढं आले, काउंटरवर वाकले आणि हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू जाईल एवढ्या, म्हणाले, "काउंटर तुमचंच. पगारही वाढवतो. फक्त एक छोटा व्हिडिओ द्या. म्हणा, की आमचे साहेब असं काही बोललेच नाहीत, लोकांचा गैरसमज झाला."

 भाऊसोच्या हातातनं कोंबड्याची चोच खाली पडली. राणीनं हातातलं ताट पुढच्या माणसाला दिलं, त्याला चटणी दिली, मग साहेबांकडं वळली. ती जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, एक अक्षर इकडचं तिकडं न करता:

"सायेब, तुमी मदीच घुसलाय. तुमच्या म्होरं सतरा जन हायती आनि त्या हिरव्या लुगड्यातल्या मावशी तर सकाळधरनं उपाशी हायती. तुमी काय बोलला हुता ते माझ्या ध्यानात हाय, सबूद न सबूद. मी हितं कुनाचंच काय इसरत न्हाई, मग तुमचं कसं इसरीन? तवा बोललाच न्हाई असं माझ्या तोंडनं यायाचं न्हाई. बोललो, चुकलो, ते तुमचं तुमी म्हना. मला काउंटर द्या न्हाईतर मोरी द्या, ते बी तुमीच बगा. पर आता लायनीत जावा. दमलाय, आदी पानी प्या. आनि मगाशी ठसका लागला तवाच बगितलं मी, तिखट सोसंना तुमाला. तुमची कोंबडी कमी तिखटाची सांगून ठेवती."